साचेखात्याचं दार

कांडी संपली की साचेवाला माग थांबवतो. धोट्यातली रिकामी कांडी काढून भरलेली बसवतो. मग धोटा तोंडाशी नेऊन त्याच्या बाजूच्या बारीक भोकाला ओठ टेकवतो आणि एक श्वास आत ओढतो. सुताचं टोक भोकातून बाहेर येतं, त्याबरोबर कापसाची थोडी धूळ आणि तेलाची चवही तोंडात येते. तो थुंकतो, दांडी ओढतो आणि माग पुन्हा खडखडू लागतो. एकेक साचेवाला दोन-दोन माग सांभाळी. दिवसाकाठी हे किती वेळा होई याचा हिशेब त्यानंही ठेवला नसेल. बदली कामगार मागावर आला की तोच धोटा त्याच्या तोंडाला लागे.

१९२८ साली मुंबईच्या कामगार चळवळीतला एक अवघड प्रश्न या भोकाशी येऊन अडला होता. महार, मांग किंवा चांभार कामगारानं ओठ लावलेला धोटा मराठा साचेवाला आपल्या तोंडाला लावील का? उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यामुळे साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, अस्पृश्य मानलेल्या जातीचा माणूस घेतलाच जात नसे. या माणसाला गिरणीत मज्जाव होता असं मात्र नाही. कापूस पिंजण्याच्या आणि सूत कातण्याच्या खात्यांत तो होता, झाडलोटीला होता आणि त्याच्या घरच्या बायका सूत गुंडाळण्याच्या खात्यात होत्या. बंद होतं ते एकच मोठं खातं, आणि गिरणीतला चांगला पगार नेमका तिथंच होता. साचेवाल्याला कामाप्रमाणे दाम मिळे. हात बसलेला साचेवाला कातणखात्यातल्या माणसापेक्षा बरंच जास्त कमावी.

गिरण्या आल्या तेव्हा अनेकांना वाटलं होतं की यंत्रापुढे जात टिकणार नाही. कार्ल मार्क्सनं १८५३ साली लंडनमध्ये बसून लिहिलं होतं की, रेल्वे आणि तिच्यामागून येणारे उद्योग हिंदुस्थानातली वंशपरंपरागत कामाची वाटणी मोडून काढतील, आणि जात तर त्या वाटणीवरच उभी आहे. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी मुंबईत ताडदेवला पहिली कापडगिरणी काढण्याचा घाट घातला. सत्तर वर्षांनी मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या आणि दीड लाखाच्या घरात कामगार होते. रत्नागिरीचा मराठा आणि रत्नागिरीचा महार एकाच बोटीनं मुंबईच्या धक्क्याला लागत. उतरल्यावर एक एका चाळीकडे जाई, दुसरा दुसऱ्या. सकाळी एकाच भोंग्याला दोघं एकाच फाटकातून आत शिरत, पण आत गेल्यावर खाती वेगळी, जेवायच्या जागा वेगळ्या आणि पिण्याचं पाणीही वेगळं. मार्क्सचा अंदाज सपशेल चुकला असं मी म्हणणार नाही, पण त्यानं जातीची चिवटाई ओळखली नव्हती एवढं खरं.

ही बंदी कोणत्याही नियमावलीत नव्हती. उशिरा येणं, दंड, रजा, कामावरून काढण्याची नोटीस, या सगळ्यांवर मालक आणि कामगार यांच्यात घनघोर वाद झाले आणि कागदांचे ढीग पडले. अमुक जातीला अमुक खात्यात घेऊ नये हे मात्र कुणी कधी लिहिलं नाही. लिहायची गरजही नव्हती, कारण माणसं घेणं आणि काढणं हे ऑफिसात होतच नव्हतं. ते जॉबरच्या हातात होतं.

आपल्याकडे गिरणीच्या गोष्टी सांगताना मालक आणि युनियन हे दोघेच डोळ्यांपुढे येतात आणि मधला जॉबर विसरला जातो. खात्यातली माणसं तो आणी, कधी आपल्या गावची, कधी नात्यातली, कधी दस्तुरी देणारी. सकाळी फाटकाशी उभ्या असलेल्या बदली कामगारांतून कुणाला आत घ्यायचं हे तो बोट दाखवून ठरवी. कुणी आजारी पडून चार दिवस घरी राहिला, तर परत आल्यावर त्याचा साचा त्याला मिळेल की नाही हेही तोच सांगे. चाळीत खोली बघून देणारा तो, अडीनडीला उधार देणारा तो आणि संपात माणसं बाहेर काढणारा किंवा आत ठेवणाराही तोच. मालकांना हे सोयीचं होतं. दीड लाख माणसांची भरती करायची, पण एकाचीही ओळख ठेवायची नाही. साचेखात्याचा जॉबर बहुतेक साचेवाल्यांतूनच वर आलेला असे. त्यानं महाराला साच्यावर उभं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याचं खातं रिकामं झालं असतं, आणि संध्याकाळी चाळीत त्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती. तो मनानं किती सनातनी होता हा प्रश्न मग गौण ठरतो.

श्रद्धेचं म्हणावं तर त्यातही एक गोम आहे. साचेखात्यात मराठ्यांबरोबर उत्तरेकडून आलेले मुसलमान विणकरही मोठ्या संख्येनं होते. मदनपुऱ्याची वस्ती त्यांच्यावरच उभी राहिली. शास्त्र काटेकोर पाळायचं म्हटलं तर कुणाचंही उष्टं वर्ज्यच. सोवळ्यातला माणूस स्वतःच्या भावाचं उष्टं खात नाही. तरी मुसलमान विणकरांच्या बरोबरीनं हे खातं चालत आलं होतं, आणि महाराच्या बाबतीत मात्र विटाळ आठवे. म्हणून मला वाटतं की भोकावरच्या थुंकीइतकाच इथं पगाराचा भाग होता. जी जागा शेजाऱ्याला कधीच मिळणार नाही, ती आपल्या पोरासाठी सुरक्षित राहते. विटाळाची भावना खोटी होती असं नाही, ती अगदी खरी होती. पण तिच्या आडोशाला मिळकतीचं एक राखीव कुरण तयार झालं होतं, आणि माणूस अशा वेळी धर्म आणि फायदा वेगवेगळे करून पाहत नाही.

ही तोंडानं सूत ओढायची रीत काही हिंदुस्थानातली नव्हे. ती यंत्रांबरोबर लँकेशायरहून आली. तिथल्या बायका वर्षानुवर्षं असंच सूत ओढत. त्यांची तक्रार विटाळाची नव्हती, रोगाची होती. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडात गेल्यानं क्षय पसरतो आणि पुढचे दात किडतात अशी ओरड झाली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली अशा धोट्यावर बंदी घातली, लँकेशायरमध्ये तो घालवण्याचे नियम यायला १९५२ साल उजाडलं. हातानं सूत ओवता येईल असा धोटा त्या काळीही बनत होता, आणि नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग तर एकोणिसावं शतक संपण्यापूर्वीच बाजारात आला होता. म्हणजे मुंबईच्या मालकांना मनापासून हा पेच सोडवायचा असता तर काही रुपयांचा धोटा बदलून निदान विटाळाची सबब तरी काढून घेता आली असती. क्षयाचीही भीती कमी झाली असती. कुणाला ते सुचलं नाही, किंवा सुचूनही परवडलं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार बोचते. ज्यांना विणायला बंदी होती त्यांतले कित्येक पिढीजात विणकर होते. अहमदाबादच्या गिरण्यांतही हाच प्रकार होता. तिथं साचे चालवायला मुसलमान आणि पाटीदार, आणि सूत कातायला दलित. हे दलित बहुतांशी वणकर जातीचे, ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदाच कापड विणण्याचा! विदर्भातले महार हातमागावर जाडंभरडं कापड विणत, ही नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात आहे. गावात महारानं विणलेलं लुगडं कुणब्याच्या घरी नेसलं जाई. कापड धुतलं की शुद्ध. गिरणीत मात्र तोच माणूस मागाजवळ गेला की विटाळ. धंद्यात पैसा आला की तो धंदा कुणाचा हे नव्यानं ठरतं, असा याचा सरळ अर्थ आहे.

१९२८ च्या एप्रिलअखेर मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. ससून गटाच्या गिरण्यांतून सुरुवात झाली होती. साचेवाल्यानं दोनऐवजी तीन माग सांभाळावेत आणि कातणखात्यात एकानं दोन बाजू बघाव्यात, असा मालकांचा नवा बेत होता. पगारकपातीची धास्ती होतीच. डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर हे कम्युनिस्ट पुढारी, गिरणीतूनच वर आलेले अर्जुन आळवे, आणि नेमस्त वळणाचे ना. म. जोशी अशी सगळी मंडळी एका संयुक्त समितीत आली. याच संपात गिरणी कामगार युनियन, पुढे जिला लोक लाल बावटा म्हणू लागले, ती उभी राहिली. साडेपाच महिने दीड लाख माणसं बाहेर होती. मुंबईनं एवढा मोठा आणि एवढा शिस्तीचा संप त्याआधी पाहिला नव्हता.

या संपाचा कणा होता साचेवाला. गिरणीत संपाची ठिणगी बहुतेक वेळा साचेखात्यातच पडे. साचेवाले एकजुटीचे आणि तापट होते, त्यांचा हात मालकाला सहजी मिळण्यासारखा नव्हता. त्यांच्याशिवाय लाल बावट्याला काही करता येणार नव्हतं. आणि याच माणसांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक प्रश्न विचारला.

आंबेडकर तेव्हा सदतीस वर्षांचे होते. आदल्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन झालं होतं, डिसेंबरात मनुस्मृती जाळून झाली होती. ‘बहिष्कृत भारत’ चालू होतं. बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये, म्हणजे ऐन गिरणगावात होती. गिरणीतले महार कामगार तिथं आपली गाऱ्हाणी घेऊन येत. त्यांच्या दृष्टीनं संपाचं गणित वेगळं होतं. सहा महिने उपाशी राहायचं, सावकाराचं देणं वाढवायचं, आणि जिंकल्यावर जो वाढीव पगार मिळेल तो ज्या खात्यात मुख्यतः मिळेल त्या खात्याची पायरीही चढायची नाही.

आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे अट ठेवली. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत, विशेषतः साचेखात्यात, काम करण्याचा हक्क आहे ही मागणी तुमच्या यादीत घ्या. नाहीतर मी माझ्या माणसांना संपातून बाहेर पडायला सांगेन. धनंजय कीरांनी आंबेडकर-चरित्रात हा प्रसंग दिला आहे. पुढारी कां कूं करत होते. यातले कित्येक जण जन्मानं ब्राह्मण होते, पण स्वतः जात पाळत नव्हते, कामगारांच्या खोल्यांत जेवत होते. त्यांना अडचण वाटली ती वेगळीच. हा विषय काढला तर मराठा साचेवाला बिथरेल आणि एकजूट फुटेल. वर्गलढा जिंकला की जात आपोआप गळून पडेल, तोवर तिला हात लावू नये, असं त्यांचं म्हणणं. एकजूट टिकवण्यासाठी अन्याय झालेल्यानंच गप्प बसावं, असा या युक्तिवादाचा व्यवहारातला अर्थ होतो. तो डावा माणूस करतो तेव्हाही तसाच होतो.

अखेर नाइलाजानं मागणी घेतली गेली. ती मालकांपुढे गेल्यावर मालकांनी दिलेलं उत्तर कीरांनी नोंदवलं आहे. त्याचा आशय असा, की हा अन्याय असेल तर तो करणारे आम्ही नव्हे. कीरांना ते उत्तर रास्त वाटलं. मला ते अर्धंच रास्त वाटतं. मालकांत पारशी होते, भाटिये होते, बगदादी ज्यू होते, इंग्रज होते. पारशी किंवा ज्यू मालकाला महाराच्या थुंकीचा विटाळ होण्याचं काहीच धार्मिक कारण नव्हतं. बंदी त्यांनी घातली नव्हती हे खरं. पण गिरणी कुणाची होती? कामावर ठेवण्याचा अधिकार कायद्यानं कुणाचा होता? तीन माग एका माणसाच्या गळ्यात मारताना कामगारांच्या भावना आड आल्या नाहीत, त्यासाठी गिरण्या महिनोन्‌महिने बंद ठेवायची तयारी झाली. साचेखातं उघडायचं म्हटल्यावर मात्र तेच मालक कामगारांच्या भावनेपुढे हतबल झाले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संप मिटला आणि सगळे वाद सर चार्ल्स फॉसेट यांच्या चौकशी समितीकडे गेले. समितीचा अहवाल १९२९ च्या मार्चमध्ये आला, त्याच महिन्याच्या २० तारखेला कम्युनिस्टांवरच्या मीरत कटाच्या खटल्यासाठी डांगे, मिरजकर, आळवे आदींना पकडून नेलं. साचेखात्याची मागणी यादीत चढली होती तेवढीच, तिच्यासाठी म्हणून वेगळा लढा उभा राहिल्याचं दिसत नाही. एप्रिलमध्ये युनियननं पुन्हा संप पुकारला तेव्हा आंबेडकर उघडपणे विरोधात गेले. आधीच्या संपाचं कर्ज फिटलेलं नाही आणि हा संप राजकारणासाठी आहे, असं सांगून त्यांनी आपल्या कामगारांना कामावर जायला सांगितलं. कम्युनिस्टांनी त्यांच्यावर संपफोडेपणाचा शिक्का मारला. त्या शिक्क्याची शाई पुढं पुष्कळ वर्षं वाळली नाही. १९२८ ची गोष्ट बाजूला ठेवून १९२९ चा निवाडा करणाऱ्यांनी तो केला, एवढंच मी म्हणेन.

इतिहासकारांतही या साचेखात्यावरून वाद आहे. मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अभ्यासकानं साठच्या दशकात असं मांडलं की, मुंबईच्या गिरणीनं जातीला फारसा थारा दिला नाही, अस्पृश्य मानलेले लोक तिथं बऱ्याच संख्येनं शिरले. आकड्यांच्या बाजूनं तो बराचसा बरोबर आहे. पण एकूण किती माणसं गिरणीत होती हे मोजलं की कोण कुठं उभा होता हे दिसत नाही. साचेखात्याचा अपवाद मॉरिसलाही मान्य करावा लागला, आणि हा अपवाद गिरणीतल्या सर्वांत मोठ्या खात्यांपैकी एकाचा होता.

खात्याच्या आत शिरल्यावर काय होई, याचं फार बारीक वर्णन आंबेडकरांच्याच एका पत्रात आहे. १४ नोव्हेंबर १९३२. पुणे करार होऊन दोन महिनेही झालेले नव्हते. आंबेडकर तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेल्या ‘व्हिक्टोरिया’ बोटीवर होते आणि बोट पोर्ट सैदला होती. तिथून त्यांनी अस्पृश्यता निवारणासाठी नुकत्याच निघालेल्या संघाचे, म्हणजे पुढच्या हरिजन सेवक संघाचे, चिटणीस ठक्करबाप्पा यांना लांबलचक पत्र लिहिलं. शाळा, वसतिगृहं आणि विहिरी काढण्यापेक्षा समान संधीसाठी झगडा, असा त्याचा सूर आहे. त्यात ते गिरण्यांवर येतात. मुंबई आणि अहमदाबादच्या गिरण्यांत दलित कामगार सर्वांत कमी पगाराच्या खात्यात अडकलेला, महिना पंचवीस रुपयांवर. साचेखातं त्याला कायमचं बंद. आहे त्या खात्यातही तो मुकादम होणार नाही, मग अनुभव आणि हुशारी कितीही असो. तेजीच्या दिवसांत सर्वांत शेवटी कामावर घेतला जाणारा तो, आणि मंदी आली की सर्वांत आधी काढला जाणाराही तोच. त्याची अवस्था त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या माणसाशी ताडून पाहिली आहे. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना ती त्यांनी जवळून पाहिली होती.

त्याच पत्रात नायकिणीचा उल्लेख येतो, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. सूत गुंडाळण्याच्या खात्यात बायका काम करत आणि त्यांच्यावर नायकीण असे. मजुरी गुंडाळलेल्या मालावर. म्हणजे जिला कच्चा माल जास्त, तिची मजुरी जास्त. नायकीण माल वाटताना स्पृश्य बायकांना भरभरून देई आणि दलित बायकांना हात हलवत बसवी. अशा शेकडो बायका आपल्याकडे गाऱ्हाणं घेऊन आल्या, असं आंबेडकर लिहितात. इथं कुणी कुणाला कामावरून काढलेलं नाही. हजेरी लागलेली आहे, दर सगळ्यांना सारखा आहे, तक्रार करायला गेलं तर दाखवायला काही नाही. फक्त आठवड्याच्या शेवटी एकीच्या पदरात कमी पडतं. असा भेदभाव पकडणारा कायदा करणं आजही सोपं नाही.

या पत्राची साधी पोचसुद्धा आपल्याला आली नाही, असं आंबेडकरांनी पुढं लिहिलं. संघाचे अध्यक्ष होते घनश्यामदास बिर्ला, ज्यांच्या स्वतःच्या कापडगिरण्या होत्या.

धर्माची आणि गिरणीची गाठ नेहमी अशीच पडली असंही नाही. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० मध्ये, आणि ती मागताना नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवार हा खंडोबाचा वार आहे हेही कारण पुढं केलं होतं. लोखंडे सत्यशोधक, जोतीरावांचे साथी. त्यांना खंडोबा चालला, कारण त्यानं कुणाची भाकरी काढून घेतली जात नव्हती.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे आंबेडकरांचं गाजलेलं भाषण तिथलंच. वाक्य पुष्कळांना पाठ असतं, पण भाषणाचा बाकीचा भाग वाचण्यासारखा आहे. रेल्वेत दलित माणूस जन्मभर गँगमनच राहतो, हे त्यांनी कारणांसकट सांगितलं. त्याला पोर्टर का करत नाहीत? कारण स्टेशनमास्तरच्या घरची कामं पोर्टरलाच करावी लागतात, आणि सवर्ण मास्तराच्या घरात तो चालत नाही. म्हणजे सरकारी पगाराची जागा मास्तरीणबाईंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडलेली. कारखान्यातही तेच. खलाशी म्हणून घेतील, पण यंत्रकामाची खाती बंद. मार्क्सला ज्या रेल्वेचा एवढा भरवसा होता, त्या रेल्वेची ही हकीकत. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहातली शीर्षककथा ज्यांनी वाचली आहे, त्यांना रेल्वेच्या नोकरीत जात लपवणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

त्याच १९३८ च्या ७ नोव्हेंबरला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध एक दिवसाच्या संपात उतरले. डांगे, मिरजकर आणि आंबेडकर पुन्हा एका बाजूला. संपाच्या हक्कावर गदा आली तेव्हा आंबेडकरांनी जुना हिशेब काढला नाही.

त्याआधीच, मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगानं १९३१ मध्ये जॉबरच्या हातून माणसं ठेवण्या-काढण्याचा अधिकार काढून घ्या, गिरण्यांत कामगार अधिकारी नेमा, अशी शिफारस केली. १९३५ पासून मुंबईच्या मालकांनी बदली कामगारांना कार्ड देऊन त्यांतूनच रोजची भरती करायची पद्धत आणली. आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना नोकरभरतीची सरकारी केंद्रं निघाली. साचेखात्याचं दार कुणी एका दिवशी उघडलं नाही. जॉबरचा अधिकार जसजसा आटत गेला आणि नवे धोटे, नवे माग येत गेले, तसतसं ते किलकिलं होत गेलं. प्रबोधनानं जे झालं त्यापेक्षा या कार्डानं आणि धोट्यानं अधिक केलं, असं माझं मत आहे. आपल्याकडच्या सुधारकांना हे मत फारसं आवडत नाही.

घटनेच्या १६ व्या कलमानं धर्म, जात, वंश, लिंग यांवरून सरकारी नोकरीत भेद करायला मनाई केली. खाजगी गिरणी त्या कलमात बसत नव्हती. १७ व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ मध्ये तिच्यासाठी शिक्षेचा कायदा आला. त्यात व्यवसाय, उद्योग आणि धंदा करण्याला आडकाठी करणं गुन्हा ठरलं. एखाद्या ठिकाणी नोकरीला लागण्याचा स्पष्ट उल्लेख मात्र १९७६ च्या दुरुस्तीनं आला. संपाच्या पुढाऱ्यांपुढे आंबेडकरांनी अट ठेवली त्याला तेव्हा ४८ वर्षं झाली होती. आणखी सहा वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला, दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि साचेखात्यांसह गिरण्याच मुंबईतून उठू लागल्या.

मालकांच्या दप्तरांत या बंदीची नोंद सापडणार नाही, कारण ती कधी केलीच नव्हती. ज्यांच्या घरी गिरणीतल्या आजोबा-आजीच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, त्यांनी ते कोणत्या खात्यात होते, तिथं त्यांना कुणी चिकटवलं आणि शेजारच्या साच्यावर कोण उभं होतं, एवढं विचारून लिहून ठेवावं.